विमापत्राच्या पाठीमागची कलमे

पेशवाईच्या दप्तरांत ‘बालपरवेशी’ या नावाची एक नेमणूक आढळते. मोहिमेत कामी आलेल्या शिलेदाराच्या, अथवा चाकरीत असतानाच मरण पावलेल्या माणसाच्या मागे राहिलेल्या बायकामुलांच्या अन्नवस्त्राची तजवीज म्हणून सरकारातून जी रोकड, जे धान्य किंवा जी जमीन लावून देण्यात येई, ती ही नेमणूक होय. राज्यकर्त्याच्या औदार्याची ही खूण खरीच. परंतु तिच्यासाठी अर्ज करणाऱ्या विधवेच्या हाती मागण्याजोगा हक्क कोणताही नव्हता, आणि धनी बदलला, खजिना आटला किंवा दरबारातील कैवारी गेला म्हणजे नेमणूकही बंद पडण्याचा संभव असे. सरकारचाकरीशी ज्यांचा संबंधच नव्हता, अशा कुणबी, कारागीर आणि उदमी लोकांना तर भाऊबंद आणि एकत्र कुटुंब यांखेरीज दुसरा आधार नव्हता. कर्ता पुरुष गेला की त्याची बायकापोरे मोठ्या घराच्या पंक्तीला बसत. तेथे त्यांना मान किती मिळे हा प्रश्न वेगळा, पण त्यांचे पान मांडले जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणातून आणि देशावरून मुंबईत आलेल्या कारकून, शिक्षक, वकील, पोस्टमास्तर या नव्या वर्गाने हा आधार गावी ठेवला आणि महिन्याच्या पगारावर संसार मांडला. जमिनीचे उत्पन्न धनी गेल्यावरही येत राहते. पगार मात्र माणसाबरोबर त्याच दिवशी संपतो. ही गोष्ट ज्या दिवशी गिरगावातील एखाद्या चाळीत प्रथम कोणाच्या ध्यानी आली असेल, त्या दिवशी आपल्याकडे आयुर्विम्याची खरी गरज उत्पन्न झाली असे मी समजतो.

विम्याचा इतिहास बहुधा कंपन्यांच्या स्थापनेच्या सनांनी आणि त्यांच्या निधीच्या आकड्यांनी लिहिला जातो. मला तो विमा उतरविणाऱ्या सामान्य माणसाने विचारलेल्या प्रश्नांच्या अनुरोधाने पाहावासा वाटतो. कंपनी माझ्यामागे टिकेल काय? माझे वय मी कसे सिद्ध करू? एखादा हप्ता चुकला तर आजवर भरलेला पैसा बुडाला काय? आणि मी गेल्यावर ती रक्कम नेमकी कोणाच्या हाती पडेल? विमापत्राच्या पाठीमागे बारीक टाइपात छापलेली, आणि बहुतेकांनी कधीही न वाचलेली कलमे म्हणजे या प्रश्नांना निरनिराळ्या काळी मिळालेली उत्तरे होत. ती कोणत्या क्रमाने मिळाली हे पाहिले तर भांडवलासंबंधीच्या प्रश्नाचे उत्तर अगोदर मिळाले आणि विधवेच्या प्रश्नाचे सर्वांत शेवटी, असे दिसून येते. माझ्या मते या व्यवसायाच्या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट हीच आहे.

१८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ अ‍ॅश्युअरन्स कंपनी निघाली ती येथे राहणाऱ्या युरोपीय लोकांच्या सोयीसाठी. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक हिंदी माणसाचा जीव विमायोग्यच नाही, किंवा असलाच तर जादा हप्ता घेऊन, असे कंपन्यांचे धोरण होते. हिंदी लोक किती वर्षे जगतात याचे विश्वसनीय कोष्टक त्यांच्यापाशी नव्हते, हे त्याचे एक कारण. परंतु ते तयार करण्याची निकडही कोणास वाटली नव्हती, हेही तितकेच खरे. १८७० च्या सुमारास मुंबईत बॉम्बे म्युच्युअल लाइफ अ‍ॅश्युअरन्स सोसायटी स्थापन झाली आणि तिने हिंदी माणसाचा विमा साधारण दराने उतरविण्यास आरंभ केला. याच वेळी विलायतेत अल्बर्ट ही नामांकित कंपनी १८६९ साली बुडाली आणि तिच्यामागोमाग युरोपियन ही दुसरी. लंडनच्या पेढीचे दिवाळे निघाले की मुंबईतल्या माणसाचा विमाही त्याच क्षणी संपतो, याचा अनुभव लोकांना आला. म्हणून १८७४ साली मुंबईत निघालेल्या ओरिएंटल कंपनीने सर्व निधी सरकारी रोख्यांतच गुंतवण्याचे अभिवचन आपल्या नावातच घातले: ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी लाइफ अ‍ॅश्युअरन्स कंपनी. पुढे हिंदी माणसांच्या आयुर्मानाचा अनुभव पुरेसा साठला, आणि याच कंपनीच्या १९२५ ते १९३५ या काळातील मृत्युसंख्येवरून तयार झालेले कोष्टक राष्ट्रीयीकरणानंतरही कित्येक वर्षे हप्त्यांच्या दराचा पाया म्हणून वापरात राहिले. आरंभी ज्यांच्या जिवाला किंमत ठरविता येत नाही असे म्हटले जाई, त्यांच्याच जन्ममरणांच्या नोंदींवर हा व्यवसाय उभा राहिला.

सरकारनेही १८८४ साली डाकखात्यातील नोकरांसाठी टपाल विमा सुरू केला, आणि १८९४ साली त्या खात्यातील स्त्री-नोकरांनाही त्यात घेतले. खाजगी कंपन्या त्या काळी स्त्रियांचा विमा घेण्यास राजी नसत. बाळंतपणातील मृत्यूंचे भय हे त्याचे सांगण्याचे कारण होते. स्त्रीच्या मरणाने कुटुंबाचे द्रव्यरूप नुकसान होत नाही ही समजूत, हे न सांगण्याचे.

स्वदेशीच्या चळवळीने देशी कंपन्यांना मोठे बळ दिले. सातारा येथे अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली स्थापन केलेली वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुअरन्स कंपनी हे त्याचे आपल्या प्रांतातील ठळक उदाहरण. मुंबई-कलकत्त्याच्या बाहेर, एका जिल्ह्याच्या गावी अशी संस्था उभी राहू शकते आणि टिकू शकते, हे तिने दाखविले. परंतु त्याच लाटेवर दुसऱ्याही शेकडो लहान मंडळ्या तरंगू लागल्या. त्यांची रीत अशी की, सभासदांकडून अल्प वर्गणी घ्यावयाची आणि ठराविक मुदतीत जी काही रक्कम जमेल ती त्या मुदतीत मेलेल्यांच्या वारसांत वाटून द्यावयाची. मृत्यूवरच नव्हे, तर जन्मावर आणि लग्नावरही असे विमे उतरविले जात. आपल्या माणसाच्या मरणानंतर किती रक्कम मिळणार हे कोणासही आगाऊ सांगता येत नसे, कारण ते त्या मुदतीत आणखी किती मेले यावर अवलंबून असे. पुष्कळ गरिबांची पुंजी यात बुडाली. १९१२ च्या दोन कायद्यांनी, एक आयुर्विमा कंपन्यांसाठी व दुसरा या लहान मंडळ्यांसाठी, हप्त्यांची कोष्टके आणि निधीचे नियतकालिक मूल्यमापन तज्ज्ञाकडून प्रमाणित करून घेण्याची सक्ती केली. आणि १९३८ च्या विमा कायद्याने वाटणीच्या या पद्धतीवर बंदीच घातली.

आता वयाचा प्रश्न. तो वरवर किरकोळ दिसतो, पण आपल्याकडील विमेदारांना जितका मनस्ताप या एका प्रश्नाने झाला तितका क्वचितच दुसऱ्या कशाने झाला असेल. हप्त्याचा दर वयावर ठरतो, आणि वय सांगावे तर पुरावा हवा. ज्या देशात माणसे आपला जन्म दुष्काळाच्या साली, प्लेगाच्या पहिल्या वर्षी किंवा मानमोडीच्या साथीत झाला असे सांगत, तेथे तारखेचा दाखला आणावयाचा कोठून? मुंबईसारख्या शहरात नगरपालिकेच्या नोंदवहीचा उतारा मिळू शके. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदीचा आधार असे. ज्यांच्या घरी जोशी येत त्यांच्यापाशी जन्मपत्रिका असे, आणि ती जन्मसमयीच मांडलेली असेल तर कंपन्या तिचाही विचार करीत. बाकीच्यांना उरे तो शाळेचा दाखला, आणि नाहीतर घरातील अथवा गावातील वडीलधाऱ्या माणसाचे प्रतिज्ञापत्र.

शाळेच्या दाखल्याची गोष्ट तर महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. बाप मुलाला हाताशी धरून शाळेत आणी. जन्मतारीख विचारली तर तो गोंधळे. आणि मास्तर मुलाचा अदमास घेऊन त्याला पहिलीत बसण्याजोगे वय येईल असे वर्ष धरून १ जून ही तारीख नोंदवहीत लिहून मोकळे होत. आज साठी-सत्तरीच्या घरात असलेल्या पिढीत १ जून रोजी जन्मलेल्यांची जी दाटी दिसते ती अशी उत्पन्न झाली. मास्तरांनी लेकराच्या भल्यासाठीच लिहिलेली ही तारीख पुढे त्याच्या नोकरीत, निवृत्तिवेतनात आणि विमापत्रात जन्मभर त्याची सोबत करी. आणि पत्रिका एक सांगते, दाखला दुसरे सांगतो, असा विरोध मृत्यूनंतर उघडकीस आला म्हणजे त्याचे निरसन करण्याचे काम, ज्या बाईला यांतले काहीच ठाऊक नसे, तिच्या माथी येई. वयातील फरकाने विमा सहसा रद्द होत नसे, त्या प्रमाणात रक्कम कमीजास्त केली जाई. पण ही रुजुवात होईपर्यंत महिने लोटत, आणि घरात वाणसामानाची उधारी वाढत राही. विमा उतरवितानाच वयाचा पुरावा देऊन विमापत्रावर ‘वय मान्य’ अशी नोंद करून घ्यावी, असे प्रामाणिक एजंट आवर्जून सांगत. माझ्या मते कंपन्यांनीच त्यावाचून विमापत्र देऊ नये असा नियम आरंभापासून हवा होता. जो पुरावा जिवंत माणसाकडून सहज मिळतो तो त्याच्या विधवेकडून मागण्यात कोणताच न्याय नाही.

याहून कठीण प्रकरण प्रस्तावपत्राचे. हा कागद इंग्रजीत असे आणि तो बहुधा एजंट भरी. पूर्वी कोणता आजार झाला होता काय, आईबाप कशाने वारले, इतर कोणत्या कंपनीने नकार दिला आहे काय, असल्या प्रश्नांची उत्तरे तो दोन-चार शब्दांत लिही आणि विमेदार खाली सही करी, क्वचित अंगठा उठवी. त्या सहीवर लागलीच हे बंधन येई की, वरील सर्व उत्तरे करारनाम्याचा पाया असून त्यांत काही असत्य निघाल्यास विमा रद्द होईल. एजंट कंपनीचा माणूस, अशी विमेदाराची समजूत. पण तो कागद भरतो तेव्हा विमेदाराच्या वतीने भरतो असे न्यायालयांनी मानले, आणि इंग्लंडात १९२९ साली मोटारविम्याच्या एका दाव्यात हा सिद्धान्त पक्का झाला. दहा-बारा वर्षे हप्ते भरून माणूस गेल्यावर, लहानपणी येऊन गेलेल्या तापाचा उल्लेख प्रस्तावात नव्हता एवढ्यावरून दावा नाकारण्यास अशा करारांत वाव होता. १९३८ च्या कायद्यातील ४५ व्या कलमाने यास आळा घातला. विमापत्र दोन वर्षे चालू राहिल्यानंतर केवळ चुकीच्या विधानाच्या सबबीवर कंपनीला ते नाकारता येणार नाही. ती गोष्ट महत्त्वाची होती, विमेदाराने ती जाणूनबुजून कपटाने दडविली होती, हे कंपनीने सिद्ध केले पाहिजे, असे या कलमाने ठरले. सिद्ध करण्याचा भार विधवेच्या डोक्यावरून उतरून कंपनीच्या डोक्यावर गेला. हिंदुस्थानातील विमेदारांच्या हिताचे इतके मोठे कलम दुसरे झाले नाही, असे माझे मत आहे.

हप्ता चुकण्याविषयी थोडक्यात सांगता येईल. महिनाभराची सवलत संपली की विमा खंडित होई, आणि जुन्या करारांत पुष्कळदा भरलेला पैसाही जाई. खंडित होणाऱ्या विम्यांची संख्या फार मोठी होती, आणि दारिद्र्य हे त्याचे एकमेव कारण नव्हते. एजंट आपल्या पहिल्या वर्षाच्या दलालीतील वाटा गुपचूप विमेदारालाच देऊन त्याला भरीस घालीत. पहिले वर्ष स्वस्तात निघे, दुसऱ्या वर्षीचा पूर्ण हप्ता जड होई आणि विमापत्र सोडून दिले जाई. १९३८ च्या कायद्याने ही सूट देणेघेणे गुन्हा ठरविले, आणि तीन वर्षे हप्ते भरलेल्या विमापत्राला काही परतमूल्य मिळालेच पाहिजे असा दंडक घातला.

आणि आता तो शेवटचा प्रश्न: पैसा कोणाचा?

नवऱ्याने बायकोसाठी म्हणून विमा उतरविला, बारा वर्षे पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरले आणि तो वारला. बायको विमापत्र घेऊन कंपनीच्या कचेरीत जाते, तर तिला वारसाचा दाखला आणावयास सांगण्यात येते. मुंबई इलाख्यात १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनाने वारसाला न्यायालयाकडून मान्यता मिळविण्याची सोय होती, पुढे १८८९ साली वारसा दाखल्याचा स्वतंत्र कायदा आला. पण सोय झाली तरी अर्ज, वकील, कोर्ट-फी, जाहीर नोटीस आणि तारखा हे सर्व आलेच. नोटीस निघाली की दीर हरकत घेई. हप्ते एकत्र कुटुंबाच्या उत्पन्नातून भरले गेले होते, म्हणून ही रक्कम कुटुंबाची. विधवेचा हक्क अन्नवस्त्रापुरता. सावकारही उभा राही: मयताचे कर्ज आधी फेडा. ज्या रकमेसाठी विमा उतरविला होता तिच्यावर सर्वांचा दावा असे, आणि जिच्यासाठी उतरविला होता तिचा सर्वांत दुबळा.

यावर उपाय नव्हता असे नाही. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीचा कायदा, म्हणजे मुंबईत ओरिएंटल कंपनी निघाली त्याच वर्षीचा, आपल्या सहाव्या कलमात स्पष्ट सांगतो की, पुरुषाने पत्नीच्या अथवा मुलांच्या हितार्थ म्हणून स्वतःचा विमा उतरविला असेल, तर ती रक्कम त्यांच्यासाठी असलेला न्यास समजली जाईल. तिच्यावर त्या पुरुषाची सत्ता राहणार नाही, आणि त्याच्या सावकारांनाही तिला हात लावता येणार नाही. परंतु हाच कायदा हिंदू, मुसलमान, शीख, जैन व बौद्ध यांना लागू नव्हता. देशातील बहुतेक स्त्रिया ज्या समाजांत होत्या ते सर्व समाज वगळून स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा झाला होता. मद्रास इलाख्यात ३१ डिसेंबर १९१३ नंतरच्या विमापत्रांना, आणि इतर प्रांतांत १ एप्रिल १९२३ पासूनच्या विमापत्रांना हे कलम लागू करण्यात आले. म्हणजे मुंबई इलाख्यातील हिंदू पत्नी जवळजवळ पन्नास वर्षे या दाराबाहेर उभी होती.

या पन्नास वर्षांत महाराष्ट्रात विधवांचा प्रश्न निद्रिस्त होता असे कोण म्हणेल? पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ सालचे. धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. पुनर्विवाह, केशवपन, शिक्षण यांवर वृत्तपत्रांतून आणि सभांतून जी घनघोर चर्चा झाली तिच्या मानाने, नवऱ्याने ठेवलेला पैसा विधवेच्या हाती निर्वेध पडावा या साध्या गोष्टीवर फारच थोडे लिहिले गेले. कर्व्यांनी स्वतःचे विमापत्र आश्रमाच्या नावे करून दिले, हे त्यांच्या त्यागाचे उदाहरण म्हणून सांगतात आणि ते यथार्थच आहे. पण विमापत्र कोणाच्या नावे करावे हे पुरुषाने एकट्याने ठरवावयाचे असते आणि त्याचा परिणाम घरातील स्त्रीला भोगावा लागतो, हेही त्यातून दिसते.

१९३८ च्या कायद्याच्या ३९ व्या कलमाने नामनिर्देशनाची सोय केली. विमेदाराने हयातीत ज्याचे नाव दिले असेल त्याला रक्कम देऊन कंपनी मोकळी होऊ शके. वारसा दाखल्याची तोशीस पुष्कळ अंशी टळली आणि लक्षावधी कुटुंबांना त्याचा खराखुरा उपयोग झाला.

कंपनी टिकेल काय, हा पहिला प्रश्न मात्र अजून उरला होता. तो सोडविणाऱ्या राष्ट्रीयीकरणाचा प्रसंग आपल्या विशेष परिचयाचा आहे, कारण तो घडविणारे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच रात्री त्यांनी आकाशवाणीवरून देशाला त्याची कारणे सांगितली. त्याआधीच्या दहा वर्षांत पंचवीस आयुर्विमा कंपन्या बुडाल्या होत्या, आणि आणखी पंचवीस कंपन्यांनी आपला निधी असा उधळला होता की त्यांचा धंदा विमेदारांना तोशीस लावून दुसऱ्यांकडे सोपवावा लागला. विमेदारांचा पैसा चालक आपल्या इतर उद्योगांत कसा वळवितात याची कैफियत फिरोझ गांधींनी संसदेत मांडली होती. १५४ हिंदी कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ लहान मंडळ्या, अशा २४५ संस्था एका महामंडळात विलीन झाल्या, त्यांत साताऱ्याची वेस्टर्न इंडियाही होती. १ सप्टेंबर १९५६ रोजी महामंडळ स्थापन झाले तेव्हा देशमुख अर्थमंत्री नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी जुलैतच राजीनामा दिला होता. महामंडळाच्या कायद्याच्या ३७ व्या कलमाने प्रत्येक विमापत्राच्या रकमेची हमी केंद्र सरकारने घेतली, आणि कंपनी टिकेल काय या सर्वांत जुन्या प्रश्नाचे निरसन झाले. महामंडळाच्या पैशाच्या गुंतवणुकीवरून मुंध्रा प्रकरण लवकरच उद्भवले, मुंबईत न्यायमूर्ती छागलांपुढे त्याची जाहीर चौकशी होऊन एक अर्थमंत्री पायउतार झाला. पण विमेदाराच्या रकमेवरील हमी अबाधित राहिली.

पैसा कोणाचा, हा प्रश्न मात्र ३९ व्या कलमाने पुरता सुटला नव्हता. ज्याचे नाव दिले तो रक्कम केवळ स्वीकारणारा, की तिचा मालक? निरनिराळ्या उच्च न्यायालयांनी निरनिराळी उत्तरे दिली, आणि अखेर १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की तो फक्त स्वीकारणारा. रक्कम वारसा-कायद्याप्रमाणे सर्व वारसांची. आपले नाव विमापत्रावर आहे एवढ्यावर विसंबलेल्या कित्येक विधवांना हे प्रथमच कळले. २०१५ च्या दुरुस्तीने पतिपत्नी, आईबाप आणि मुले यांचे नामनिर्देशन असल्यास रक्कम त्यांच्याच मालकीची होईल, असे ठरविले. याच दुरुस्तीने ४५ व्या कलमातील दोन वर्षांची मुदत तीन वर्षांची केली. मात्र ती उलटल्यावर कपटाच्या सबबीवरही विमा नाकारण्याचा मार्ग बंद केला.

तरीही सावकाराच्या जप्तीपासून ती रक्कम सुरक्षित ठेवावयाची असेल, तर निश्चित उपाय आजही १८७४ च्या त्या सहाव्या कलमाचाच आहे. लहान दुकानदाराने, धंद्यासाठी कर्ज काढलेल्या कारागिराने किंवा दुसऱ्याला जामीन राहिलेल्या माणसाने तो करावयाचा असतो. त्यासाठी प्रस्तावाबरोबर एक वेगळे पुरवणी-पत्र भरून द्यावे लागते, त्यात पत्नीचे व मुलांचे नाव आणि हिस्सा लिहावा लागतो, व न्यासाचा विश्वस्त नेमता येतो. हे पत्र विमा उतरवितानाच द्यावयाचे असते. विमापत्र एकदा हाती आल्यानंतर त्याला या कलमाखाली आणता येत नाही.